शिळ्या खऱ्याचा वैरी

आमच्या ऑफिसात घड्याळ एकच होतं. दारातून आत आलं की मनगटावरचं काढून स्टीलच्या डब्यात टाकायचं. मोबाइलवर वेळ पाहायची नाही. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वेळ दिसते, तिथं आमच्या मालकांनी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावली होती. वेळ हवी असेल तर भिंतीकडे मान वळवायची. एकदा त्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला आणि ते साडेअकरावर जे बसलं ते बसलं. आम्ही तिघं इमानेइतबारे काम करत राहिलो. पोटात कावळे ओरडले, मग त्यांचा घसा बसला, तरी साडेअकराच. शेवटी खालचा पिठाच्या गिरणीवाला जिना चढून आला.

"आज उपास हाये का सगळ्याईले? साडेतीन वाजले."

मी तणतणले. मालक मात्र खूश. खुर्चीवर चढून त्यांनी सेल बदलला, काटे फिरवले आणि उतरता उतरता म्हणाले, "पाह्यलं? चुकलो, पण तिघंही एकच चुकलो. एक सेल बदलला अन् तिघं दुरुस्त. तीन घड्याळं असती तं आतापावतो भांडत बसलो असतो, कोणाचं खरं म्हणून."

मालक खरे. पण मालक कोणी म्हणत नसे, सगळं बुलढाणा त्यांना कंट्रोलर म्हणायचं. आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्यांनी एका बसस्टँडवर काढली होती, कोणत्या ते सांगत नाही. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते खडूनं पाटीवर लिहायचं आणि भोंग्यातून ओरडायचं, हे त्यांचं काम. मग एक दिवस त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, कॉम्प्युटर शिकले आणि गिरणीच्या माडीवर वेबसाइटी बनवायचं दुकान काढलं. गिरणी चालू झाली की टेबलं थरथरायची. कीबोर्डवर पीठ बसायचं. ज्वारीचा हंगाम आणि गव्हाचा हंगाम आम्हाला बटणांच्या रंगावरून कळायचा.

स्टँड का सोडलं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. एक म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. पाटी म्हणे फलाट तीन, भोंगा म्हणे पाच, कंडक्टर म्हणे मागच्या भिंतीकडे. ती बिचारी तिन्हीकडे गेली आणि गाडी चौथ्याच बाजूनं निघून गेली.

"खोटं कोण बोललं मग?" मी विचारलं.

"कोणीच नाही, बाई. तिघंही खरंच बोलले. फक्त येगयेगळ्या येळचं. पाटी माह्यीच, भोंगा बी माह्याच, अन् कंडक्टरले सांगणाराही मीच." मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे: "खोटं परवडते. शिळं खरं नाही परवडत."

त्या वेळी मला हे वाक्य म्हणजे रिकामटेकड्याचं तत्त्वज्ञान वाटलं. मी बावन्न वर्षांची होते आणि माझ्याएवढं हुशार जिल्ह्यात कोणी नाही याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. टायपिंगचा क्लास बुडाला म्हणून घरी बसले होते आणि व्हिडिओ पाहून पाहून वेबसाइट लिहायला शिकले होते. केस मेंदीनं लाल केलेले, गळ्यात चष्म्याची साखळी आणि तोंडात पुणेरी भाषा. ती भाषा माझी नव्हे, क्लासच्या उद्घाटनासाठी घोटलेली. तेव्हापासून उतरवायचीच राहून गेली. घरात मी "मले दे व" म्हणायची आणि ऑफिसात "मला द्याल का?" शीतल तोंडावर ओढणी धरून हसायची. मला वाटायचं, पिठानं शिंक येतेय पोरीला.

शीतल म्हणजे आमच्यातली तिसरी. सत्तावीस वर्षांची, बीबी गावाकडची, बाप वांगी-कोथिंबीर पिकवणारा. वेबसाइटचं रंगरूप तिच्याकडे, आतलं यंत्र माझ्याकडे आणि माझ्या डोक्यात काय शिजतंय त्यावर संशय घेणं कंट्रोलरकडे, अशी वाटणी होती.

भिंतीवर, घड्याळाच्या खाली, एक काळी पाटी होती. ऑफिसचं सगळं खरं त्या पाटीवर. कोण आलं, कोण गेलं, दूध आहे की नाही, कोणतं काम कुठपर्यंत आलं, लाइट किती वाजता जाणार. पण खडू फक्त त्यांच्या हातात. तुम्हाला काही बदलायचं असेल तर चिठ्ठी लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायची. आणि चिठ्ठीतही 'पाटीवर अमुक लिहा' असं चालत नसे. काय झालं तेवढंच लिहायचं: 'दूध नासलं.' 'शीतल आली.' 'चिखलीवाल्याचा फोन आला.'

"काय झालं ते तुमी सांगा. पाटीवर काय लिव्हायचं ते मी पाहीन."

मग ते चिठ्ठ्या आल्या त्या क्रमानं उघडत, एकेक वाचत, पाटी बदलत आणि पितळी घंटी वाजवत. घंटी वाजली की ज्याला जी ओळ लागते त्यानं तेवढीच ओळ पाहायची. दुधाशी ज्याचा संबंध नाही त्यानं मान वर करायची नाही. मी दर घंटीला मान वर करायची. "बाई," ते म्हणायचे, "तुमाले दुधाशी काय देणंघेणं? तुमी तं काळा चहा पेता. उगाच मान झिजवून राह्यल्या."

चहा किती कप, हे मात्र पाटीवर कधीच नसे. मी एकदा चिठ्ठी टाकली, 'चहा तीन कप.' ती त्यांनी माझ्या हातात परत दिली. "हजर कोण ते पाटीवर हाये. मोजा अन् सांगा. जे मोजता येते ते लिव्हायचं नसते. लिव्हलं का एक दिवस माणसं दोन राह्यतात अन् कप तीन."

चिठ्ठी वाचून झाली की ती तारेच्या आकड्याला टोचायची. एके दिवशी गिरणीत कोणी मक्याचं पोतं टाकलं काय, माडी अशी हादरली की पाटी खाली पडून तिचे चार तुकडे झाले. मला मनातून उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता बसा बोंबलत. त्यांनी कोपऱ्यातून नवी पाटी आणली, आकड्यावरची चवड काढली आणि सगळ्यात खालच्या चिठ्ठीपासून एकेक वाचत वर आले. अर्ध्या तासात पाटी पहिल्यासारखी. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आणि एकदा मी काय केलं, ते चिठ्ठ्या उघडेपर्यंत थांबवेना म्हणून सरळ पदरानं एक ओळ पुसली आणि खडूनं आपल्या हातानं लिहिलं, 'मेहकरचं काम झालं.' झालं होतंच काम! पण त्यांनी आकडा पाहिला, तिथं तशी चिठ्ठी नाही. सगळं काम थांबवून त्यांनी विचारलं, "हे खरं कोठून आलं?" मी कीबोर्डवरचं पीठ पुसत बसले. ते दुपारपर्यंत त्या ओळीसमोर खुर्ची टाकून बसले. ओळ पुसलीही नाही, मानलीही नाही. मेहकरवाल्याचा फोन आला तर त्याला म्हणाले, "तुमचं काम झालं असं वाटून राह्यलं, पण कोणी केलं ते समजून नाही राह्यलं." शेवटी मीच पदराचा खडू झटकत कबूल झाले.

घरी त्यांचं काही चालत नसे, हेही सांगायला हवं. त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरात साखर तीन डब्यांत, मीठ दोन डब्यांत, आणि कोणत्याही डब्यावर चिठ्ठी नाही. त्यांनी एकदा सगळी साखर एका डब्यात भरली. "तुमचं एकच खरं ऑफिसात ठेवा," त्या म्हणाल्या, "इथं माह्यं एकच." त्या दिवसापासून ते घरी चहा घेतानाही आधी घोटभर चाखून पाहायचे.

तर हे सगळे चाळे मी वेडेपणा समजत होते. आता सांगायला हरकत नाही की तो वेडेपणा नव्हताच. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान म्हणजे आमचं ऑफिसच असतं. वर एक आकडा, बाजूला यादी, मध्ये एखाद्या माणसाचं कार्ड. तिघांनाही तीच एक गोष्ट माहीत असावी लागते. ती गोष्ट एकाच जागी ठेवायची, बदलायची तर ठरलेल्या दारातूनच, आणि बदलली की जे जे तिच्याकडे पाहत बसलेत त्यांनी आपापलं चित्र आपोआप बदलायचं. शहाणी पोरं याला मोठमोठी नावं देतात. कंट्रोलर त्याला पाटीच म्हणायचे. मी मात्र पानाच्या प्रत्येक तुकड्याला ज्याची त्याची वेगळी वही देत असे. एका वहीत बदल झाला की ती दुसरीला निरोप धाडणार, दुसरी तिसरीला. भराभर चालायचं. मला फार अभिमान.

"किती वह्या केल्या, बाई?"

"तीन. पण तिन्ही एकमेकींना कळवतात."

"तीन जावा बी एकमेकीले कळवतात," ते म्हणाले, "पाहा काय कळते ते."

कंट्रोलर जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांच्या मयतीची वेळ चार ग्रुपवर चार वेगवेगळी आली. मी मोक्षधामात पोचले तेव्हा निम्मे लोक परत निघाले होते आणि निम्मे यायचे होते. त्यांना कळलं असतं तर उठून बसले असते. लोक म्हणाले, पाहा, हिला किती रडू येतंय. मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

आता मेळाव्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही आणि माझी शोभाही.

समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता, चिखली रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. अध्यक्षांना काहीतरी नवं हवं होतं. स्टेजवर मोठा पांढरा पडदा, त्यावर आमचं पान. डावीकडे सगळ्या जोड्यांची यादी ठळक अक्षरात. उजवीकडे ज्या स्थळाचं चाललंय त्याचं कार्ड, लहान अक्षरात. वर आकडा, किती जमली. दोघं बाजूच्या खोलीत भेटून आले की दोन्हीकडची उत्तरं टेबलावर येऊन सांगायची, मी लॅपटॉपवर दाबायची. दोन्हीकडून हो आलं की यादीत 'जमलं'. ते आलं की दोन ताशेवाले वाजवणार, फोटोवाला धावणार आणि मुलाकडची बाई मुलीची ओटी भरणार. सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले.

आणि त्या यादीत शीतल होती.

तिच्या वडिलांनीच नाव घातलं होतं. आदल्या आठवड्यात ते वांग्यांची पिशवी घेऊन ऑफिसात आले तेव्हा आमच्यासमोर बोलणं झालं. शीतल म्हणाली, "येतो मी. पण मले पसंत नाही पडला तं नाही म्हणीन. मंग दोन वर्षं कोणी माह्या मागं लागायचं नाही."

"नाही म्हटलं तं नाही," वडील म्हणाले. "माह्या शब्द हाये. फक्त चारचौघात बोलून पलटू नको. हो का नाही, जे असन ते एकदाच सांग. पलटलेल्या पोरीच्या बापाले गावात तोंड नसते."

इतकं साधं होतं. तिचा नाही तिचाच राहायला हवा होता.

फॉर्म मात्र वडिलांनी भरला होता. त्यात आलेल्या स्थळांपुढे 'पसंत' किंवा 'नापसंत' अशी खूण करायची होती. त्यांनी सगळ्यांपुढे पसंत केलं. "कागदावर कायले कोणाले नाराज करायचं?" मेळाव्यात निम्म्या बापांनी हेच केलं होतं. सकाळी मी ते सगळे फॉर्म पानात भरले आणि तिन्ही वह्यांत ते 'पसंत' जाऊन बसलं.

दुपारी शीतल खोलीतून बाहेर आली. समोरचा मुलगा मेहकरकडचा, नोकरीवाला, भेटीत वीस मिनिटं स्वतःच्या मोटारसायकलबद्दल बोलला होता. ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, नाही."

मी माझ्या बोटानं 'नाही' दाबलं. कार्डावर 'नाही' आलं. ती जेवायच्या मांडवाकडे गेली.

पंधरा-वीस मिनिटांनी मुलाचा मामा आला. "आमच्याकडून हो." मी 'हो' दाबलं.

पडद्याकडे माझी पाठ होती. आधी ताशा ऐकला. वाटलं, चहापाण्याचा असेल. मग फोटोवाला माझ्या पायावरून गेला. मग मागं वळून पाहिलं तर यादीत, हातभर अक्षरात: शीतल, जमलं. वरचा आकडा एकानं वाढलेला. आणि उजवीकडे कार्डावर, मुंगीच्या अक्षरात: नाही.

काय झालं ते मला तिथल्या तिथं कळलं. 'नाही'चा निरोप कार्डानं यादीला धाडलाच नव्हता. धाडणार कसा, 'नाही'चं बटण शीतलनं मांडलं म्हणून मी ते कार्डाला जोडलं, पुढचा निरोप लिहिलाच नव्हता. पान तपासताना मी शंभर वेळा बटण दाबलं असेल, पण दर वेळी 'हो'. मुलगी भेटून येईल आणि नाही म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला पाहायला आले तेव्हा मला कोणी विचारलं होतं? मी पोह्यांची बशी ठेवून आत गेले आणि बाहेर बापानं साखर वाटली. ते डोकं घेऊन मी नव्या जमान्याचं पान लिहायला बसले होते. मुलाकडचं हो आल्यावर यादीनं स्वतःची वही उघडली, मुलीपुढे काय आहे पाहिलं. सकाळचं, बापाच्या हातचं, पसंत. झालं, जमलं.

तोवर मुलाच्या मावशीनं मांडवात शीतलला गाठलं होतं. तिच्या ओढणीत तांदूळ, खण, नारळ. शीतल म्हणत होती, "मावशी, मी नाही म्हटलं."

"लाजून राह्यली," मावशी सगळ्यांना म्हणाली.

"लाजत नाही. नाही म्हटलं मी."

"अवं, वर लिव्हलं हाये ना!"

आणि सगळ्यांनी वर पाहिलं. एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. ती ओटी तशीच धरून हॉलमध्ये आली. मामा उठून उभा राहिला. "म्हंजे काय? भरल्या ओटीनं नाही म्हणून राह्यली? पाच मिनिटाआधी हो, आता नाही?"

"पलटली," मागून कोणीतरी म्हणालं. तो शब्द खुर्च्याखुर्च्यांवरून असा पुढे आला जसा भंडाऱ्यात द्रोण पुढे येतो. पलटली. बीबीकडची. भाजीवाल्याची. तिचे वडील तिसऱ्या रांगेत होते. ते पडद्याकडे पाहत, मग पोरीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. चेहरा मातीसारखा झाला होता.

अध्यक्ष माझ्या टेबलावर आले. "मॅडम, काय हाये हे?"

आणि मी, जिल्ह्यातली सगळ्यात हुशार बाई, माझ्या शुद्ध पुणेरीत म्हणाले, "प्रोजेक्टरमध्ये काहीतरी तांत्रिक बिघाड दिसतोय."

"प्रोजेक्टरले काय समजते हो का नाही ते?" अध्यक्ष म्हणाले. माणूस मुद्द्याचं बोलला होता.

कंट्रोलर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी पडद्यावर यादी वाचली, मग चष्मा वर करून कार्ड वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस 'मी सांगितलं होतं' म्हणणार. तसं म्हणाले असते तर मी चिडले असते, भांडले असते आणि त्या भांडणात सुटले असते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या पानावर या घडीले किती खरं हायेत?"

"तीन," मी म्हणाले.

"अन् पोरीचं?"

"एक."

त्यांनी निवेदकाच्या हातातून माइक घेतला. मला हायसं वाटलं. भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस, घेईल निभावून, चूक ऑफिसची म्हणेल, माझं नाव कशाला घेईल. त्यांनी माइकवर टिचकी मारली, चालू आहे ते पाहिलं आणि तो माझ्या पुढ्यात धरला.

"ज्यानं लिव्हलं त्यानं सांगायचं," ते म्हणाले. "मी सांगितलं तं तो निरोप होते."

मी माइक घेतला. पुणेरी कुठं गेली कोण जाणे. तोंडातून निघालं ते असं: "पोरगी नाही पलटली. तिनं मले एकदाच सांगितलं, नाही म्हणून. म्या माह्या हातानं दाबलं. पण हे पान म्या लिव्हलं अन् त्यात माती खाल्ली. वर जे दिसून राह्यलं ते सकाळचं हाये, फॉर्मातलं. पोरगी नाही म्हणू शकते हे मलेच सुचलं नव्हतं. चूक माह्यी हाये. प्रोजेक्टरची बी नाही."

मग हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो परमेश्वरानं कोणत्याही शिकलेल्या बाईला दाखवू नये. सकाळपासून सहा जमली होती. त्यातला एक नवरदेव ताडकन उभा राहिला आणि फार आशेनं म्हणाला, "म्हंजे आमचंही जमलं नसन?" त्याच्या आईनं त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. एक आजी म्हणाल्या, "माह्यं बी पाहा व बाई, साठ वर्षं झाली, फॉर्म बापानंच भरला होता." ताशेवाल्यांना वाजवावं की नाही कळेना. एकानं वाजवलं, एकानं नाही. मामा मला म्हणाला, "तुमच्यासारख्या बाईले कॉम्प्युटर देला कोणं?" कंट्रोलरनी हात वर केला.

अध्यक्षांनी घाम पुसला. "मंग आता खरं कोणतं धरायचं? यादीतलं का कार्डातलं?"

आणि पुन्हा सगळा हॉल पडद्याकडे वळला. मीसुद्धा. यादी दुरुस्त करायला मी लॅपटॉपवर हात ठेवलासुद्धा, तेवढ्यात कंट्रोलर वाकले आणि त्यांनी भिंतीतली वायर उपटली. पडदा कोरा झाला.

"तिकडं काय पाह्यता?" ते म्हणाले. "पोरगी इथं उभी हाये. तिले विचारा."

कोणी विचारेना. अध्यक्ष मामाकडे पाहत, मामा मावशीकडे. मग तिसऱ्या रांगेतून खुर्च्या सरकवत तिचे वडील आले. तिच्यापुढं उभे राहिले. इतक्या लोकांत तिच्याशी असं समोरासमोर ते कधी बोलले नसावेत. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"काय वं शीतल. तुह्यं काय म्हणणं हाये?"

"नाही, बाबा."

"आधी हो म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलं होतं. एकदाच."

"बरं," ते म्हणाले. ओढणीतला नारळ उचलून त्यांनी दोन्ही हातांनी मावशीच्या ताटात ठेवला. वर खण ठेवला, तांदळाचा एकेक दाणा वेचून ठेवला. "राग नका मानू, बाई. पोरीनं पहिल्यापासून नाही म्हटलं होतं. आमीच वर पाहून राह्यलो होतो." मग पोरीकडे वळून, "जेवली का?"

"हाव. तुमच्या वाटची जिलबी काढून ठेवली हाये."

आणि बापलेक जिलबीकडे निघून गेले. आम्ही बाकीचे सगळे त्या कोऱ्या पडद्याकडे पाहत अजून उभेच होतो.